बचत गटांनी शेतकरी कंपनी काढावी की सहकारी संस्था? आधी जूनच्या उधारीचं बघा

प्रश्न : औसा तालुक्यातलं आमचं गाव. नऊ बचत गट, मिळून शंभरेक बाया. सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिकं. ग्रामसंघाच्या बैठकीत विषय निघाला की प्रत्येकीनं हजार रुपये घालायचे, कंपनी काढायची आणि गावचा माल आपणच खरेदी करायचा. कंपनी बरी की सहकारी संस्था? आणि भांडवल कुठून आणावं?

उत्तर :

ताई, मी लातूर-धाराशिव भागात शेतकरी कंपन्यांचे आणि गटांचे हिशेब लिहिते. तुमच्या प्रश्नातलं गणित आधी मांडून बघू. शंभर बायांचे हजार-हजार म्हणजे १ लाख रुपये. सोयाबीनचा भाव ४,५०० धरला तर त्यात २२ क्विंटल माल येतो, म्हणजे एक पिकअप भरली की पैसे संपले. आता घरटी दोन एकर आणि एकरी सहा क्विंटल धरा. गावचा माल होतो १,२०० क्विंटल आणि तो रोखीनं घ्यायला लागतात ५४ लाख, तेही दसरा-दिवाळीच्या आसपासच्या थोड्या आठवड्यांत. नोंदणी कोणत्या कायद्याखाली करायची हे त्यानंतर बघता येईल.

आपल्याकडच्या कितीतरी कंपन्या इथंच बसल्या. शेअरचे पैसे गोळा झाले, बोर्ड लागला, फोटो झाले. रास झाल्यावर सभासद म्हणाला, काट्यावर पैसे द्या. कंपनी म्हणाली, पंधरा दिवस थांबा. माल मोंढ्यात गेला. लोक याला सभासदांची बेइमानी म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. त्या घराची अडचण जूनमध्येच सुरू झालेली असते. बी-खताला, पोरीच्या कॉलेजच्या फीला आडत्याकडून उचल घेतलेली असते. माल त्याच्याकडेच घालायचा हे तेव्हाच ठरलेलं असतं. आडत्या भाव देऊन माणूस बांधत नाही, वेळेला पैसा देऊन बांधतो. ऑक्टोबरचा माल कुणाचा हे जूनमध्ये ठरतं, म्हणून तुमच्या नऊ गटांनी पहिलं काम जूनचं हाती घ्यावं असं मला अगदी मनापासून वाटतं.

आणि ते तुम्हाला झेपणारं आहे. दोन एकरांच्या बी-खताला घरटी १२,००० धरले तर शंभर घरांचे १२ लाख होतात. उचलीवर शेकडा ३ रुपये महिना व्याज असेल तर सहा महिन्यांत गावातून २ लाख १६ हजार रुपये नुसते व्याजाचे जातात. उमेदच्या, म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, प्रत्येक महिला गटाला बँकेकडून ३ लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्के वार्षिक व्याजानं मिळतं. १२ लाखांचं सहा महिन्यांचं बँकव्याज ४२,०००. गटानं बाईला शेकडा एकनं दिलं तर जमा होतात ७२,०००. मधले ३०,००० गटांकडेच राहतात आणि बाईचं व्याज तिसऱ्या हिश्शावर येतं. तुमच्या भांडवलाची सुरुवात मला या ३०,००० मध्ये दिसते. पुढच्या वर्षी ते वाढतील, आणि त्यावर कुणा साहेबाची सही लागणार नाही.

बँकेत जाताना दोन गोष्टी ठाम धरा. १० लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण मागायचं नाही आणि गटाच्या बचत खात्यावर होल्ड लावायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. काही शाखांत अजूनही 'बचत तेवढी अडकवून ठेवा' म्हणतात, तेव्हा हा नियम शांतपणे सांगा. दुसरं म्हणजे मुदत कर्जाऐवजी कॅश क्रेडिट मागा, म्हणजे लागेल तेव्हा काढायचं आणि पैसा आला की भरायचं. सोयाबीनचा पैसा दर महिन्याला येत नाही. मुदत कर्जाचा हप्ता भरायला बाई मायक्रोफायनान्सवाल्याकडे गेली, तर सगळं केलेलं पाण्यात.

मायक्रोफायनान्सचं तर आधी स्वच्छ बोलून घ्या. प्रत्येक गटात बसून कुणाला किती हप्ते चालू आहेत ते लिहा. २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे एका घराचे सगळे कर्जहप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जायला नकोत. गावात बघाल तर अनेकींचे गेलेले असतात. अशा बाईकडून शेअरचे हजार रुपये मागणं मला अन्याय वाटतो. ती बैठकीत नाही म्हणणार नाही, पण आणखी एक कर्ज काढून देईल.

ग्रामसंघाला मिळालेला समुदाय गुंतवणूक निधी मात्र धान्यखरेदीत घालू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. तो गटांमार्फत बायांना कर्ज म्हणून फिरवायचा पैसा आहे. सोयाबीनचा भाव पडला की तो आधी बुडेल. २०२१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीन १०,००० च्या घरात गेलं होतं, तो भाव पुन्हा येईल म्हणून नंतर कित्येकांनी माल धरून ठेवला आणि ४,५०० ला विकला. भाव तेलाच्या आयातीवर आणि शुल्कावर हलतो, ते आपल्या हातात नाही.

मग ऑक्टोबरमध्ये काय करायचं? माल विकत घेऊ नका, एकत्र विका. गावात एक काटा, एक चाळणी आणि ओलावा मोजायचं यंत्र एवढं ठेवा. हमीभावाच्या खरेदीत १२ टक्के ओलाव्याची अट असते आणि मोंढ्यात ओलाव्याच्या नावाखाली कट्ट्यामागे काय कापलं जातं ते तुम्हाला मी सांगायला नको. माल वाळवून, चाळून, प्रत्येकीच्या नावानं मोजून एका गाडीत न्यायचा. पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, नावानिशी होते, पैसे जिचे तिच्या खात्यात. क्विंटलमागे ठरलेली थोडी रक्कम गटाला. यात ५४ लाख उभे करायची गरजच पडत नाही.

ज्यांना लगेच विकायचं नाही त्यांच्यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. १९९०-९१ पासून ती बाजार समित्यांमार्फत चालते. सोयाबीन, तूर, हरभरा गोदामात ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, १८० दिवस, ६ टक्के व्याज. इतकी चांगली योजना असून गावात तिचं नाव ठाऊक नसतं याचं मला दर हंगामात वाईट वाटतं. पण भाव वाढेलच या भरवशावर सगळा माल ठेवू नका, घरखर्चापुरता विकून बाकीचा ठेवा.

आता तुमचा मूळ प्रश्न. दोन्हीकडे किमान दहा माणसं लागतात, सहकारी संस्थेत ती वेगवेगळ्या कुटुंबांतली हवीत, आणि दोन्हीकडे एका सभासदाला एकच मत. सहकारी संस्था राज्याच्या १९६० च्या सहकार कायद्याखाली निबंधकाच्या देखरेखीत राहते, निवडणूक सरकारी प्राधिकरण लावतं, कारभार बिघडला तर प्रशासक येतो. कंपनीत तो हस्तक्षेप नाही. पण वर्षाचे फॉर्म चुकले की प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये जादा शुल्क चढतं आणि सलग तीन वर्षं न भरल्यास संचालिका पाच वर्षं अपात्र ठरतात. सीएची फी, सेक्रेटरीचा पगार हा खर्च धंदा झाला नाही तरी होतोच. केंद्राच्या १०,००० शेतकरी उत्पादक संस्थांच्या योजनेत व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मिळत होते, त्यावर खूप कंपन्या उभ्या राहिल्या. ती दहा हजारावी संस्था फेब्रुवारी २०२५ मध्येच झाली, तेव्हा त्या पैशावर हिशेब मांडू नका.

माझं मत विचाराल तर दोन हंगाम काहीच नोंदवू नका, उमेदचा उत्पादक गट म्हणून काम करा. तूरडाळ करून विकायचं ठरलं आणि गिऱ्हाईक बांधलं गेलं, की कंपनी काढा. प्रक्रिया करणाऱ्या गटांतल्या बाईमागे ४०,००० रुपये बीजभांडवल देण्याची तरतूद केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत होती. ती सध्या चालू आहे का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारा. बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या डाळीचं नाव बाजारात आहे.

तुम्हाला हे जमेल असं मी उगीच म्हणत नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बाया संवाद सहायक, म्हणजे गावकरी आणि सरकार यांच्यातला दुवा, म्हणून उभ्या राहिल्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचं इथलं काम त्यातूनच वाढलं आणि पुढं बचत गट, बायांची एक एकर शेती असं पसरलं. आधी बायांची एकी झाली, मग पैसा आला.

गटाची शिल्लक कुठं ठेवायची हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. बँकेतच ठेवा. बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्था आणि मल्टिस्टेट पतसंस्थांमधल्या ठेवीला तो नाही. बीड जिल्ह्यात जास्त व्याजाच्या आशेनं ठेवलेल्या कष्टाच्या पैशांसाठी म्हाताऱ्या माणसांना उन्हात मोर्चे काढावे लागले.

आणि ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची नोंद, वेळेत करून घ्या. सातबारा नवऱ्याच्या नावावर असला तर हमीभावाची नोंदणी आणि पैसे त्याच्याच नावानं होतात, मग गटाचं कर्ज बाईच्या नावावर आणि मालाचा पैसा दुसऱ्याच्या खात्यात असं होतं. जूनचं कर्ज देतानाच नवरा-बायको दोघांची सही ठरावावर घ्या आणि जमिनीवर बायकोचंही नाव लावायचा विषय त्याच बैठकीत काढा.