रॉड संपतो, तिथे रूट सांभाळा

प्रश्न : मी हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डर आहे. चॅनल, अँगल, टाक्या अशी कामं बरीच वर्षं करतोय. मध्यंतरी एका कंपनीत पाईपची ६जी टेस्ट दिली, म्हणजे ४५ अंशांत पक्का बांधलेला पाईप न फिरवता सगळीकडून जोडायचा. सहा इंची शेड्यूल ८० (जाड भिंतीचा) पाईप होता. रूट (सगळ्यात आतला पहिला थर) आणि हॉट पास (त्यावरचा दुसरा) ६०१० रॉडने, फिलिंग-कॅपिंग (वरचे थर) ७०१८ रॉडने. कॅप सगळ्यांना आवडली, पण एक्सरेत नापास झालो. खालच्या बाजूला रूट आत बसलेला होता आणि रॉड बदलला तिथे दोन जागी फ्यूजन नव्हतं, म्हणजे धातू एकजीव झाला नव्हता. पुढच्या महिन्यात परत बोलावलंय. करंट वाढवून बघू का?
– एक वाचक, वाडी, नागपूर

उत्तर : भाऊ, करंट वाढवू नका. तुमच्या फिल्मवर दोन वेगळे दोष आहेत, आणि करंट वाढवला तर पहिला दोष आणखी वाढेल.

खालून, म्हणजे घड्याळातल्या सहाच्या जागी वेल्डिंग करताना पाईपचं आतलं अंग तुमच्या वर असतं. वितळलेला धातू स्वतःच्या वजनाने खाली, तुमच्याकडे ओघळतो आणि आतल्या बाजूला खळगा पडतो. करंट जास्त, आर्क लांब किंवा दोन पाईपांमधला गॅप मोठा असला की हा खळगा हमखास येतो. तिथे रॉड गॅपमध्ये ढकलून धरावा लागतो. आर्क पाईपच्या आत जळतोय हे आवाजावरून कळतं. बाहेर तडतड कमी होते आणि पाईपमधून घुमल्यासारखा आवाज येतो. तीनच्या पुढे चढलात की रॉड हळूहळू बाहेर घ्या. बाराच्या जागी तोच जोर ठेवलात तर धातू आत लोंबेल. पाईपभर एकाच जोराने रॉड धरणं ही स्ट्रक्चरच्या कामातली सवय आहे, ती सोडा.

आता दुसरा दोष. माझ्या मते टेस्ट खरी इथेच जाते. आयटीआयत शिकवताना मी हेच बघत आलो. मुलगा सलग चालताना छान चालतो आणि रॉड बदलताना घसरतो. सहा इंची पाईपच्या रूटला रॉड अनेकदा बदलावा लागतो, शिवाय प्रत्येक टॅकवर (पाईप धरून ठेवायला आधी मारलेल्या छोट्या वेल्डवर) चढायचं आणि उतरायचं असतं. म्हणजे अवघड जागा सगळ्या जोडांवरच येतात. आणि सराव करताना लोक नेमका सलग चालण्याचाच करतात.

म्हणून जोडाचा सराव वेगळा करा. पूर्ण पाईप जाळायची गरज नाही. इतवारीत लोहा ओळीत पाईपचे तुकडे वजनावर मिळाले तर तेवढ्यावर भागेल. बेव्हल मारून (कडा तिरक्या घासून) दोन तुकडे जोडा आणि ४५ अंशांत पक्के बांधा. इंचभर रूट मारा, थांबा, ग्राइंड करा, परत सुरू करा. पुन्हा इंचभर, पुन्हा थांबा. हेच करत राहा.

थांबायचं कसं, तेही शिकावं लागतं. पुढे कीहोल (वितळत्या धातूच्या पुढ्यातलं भोक) उघडं असतानाच रॉड झटकन बाहेर काढा, म्हणजे ते भोक उघडंच राहतं. मग पातळ डिस्कने बीडचं (मारलेल्या वेल्डच्या पट्टीचं) टोक घासून दहा-बारा मिलिमीटरचा उतार करा. टोक सुरीच्या धारेसारखं पातळ झालं पाहिजे. टॅकची दोन्ही टोकंही अशीच उतरती करायची. जाड टोकावर कितीही करंट दिला तरी खालची धार वितळत नाही. तुमच्या फिल्मवर फ्यूजन नव्हतं, ते माझ्या अंदाजाने याच कारणाने.

सुरू करताना आर्क भोकावर मारू नका. उताराच्या मागे, बीडवर मारा. आर्क जरा लांब ठेवून उतार तापवत पुढे या, धारेशी पोहोचलात की रॉड आत ढकला आणि क्षणभर थांबा. घुमणारा आवाज आला आणि कीहोल उघडलं की मगच चाल सुरू करा. टॅक जवळ आला की कीहोल लहान होत जातं. तिथे घाई करू नका. रॉड सरळ करा, आत दाबा, किंचित थांबून टॅकवरून पुढे न्या.

६०१० ची चाल तुम्हाला ठाऊक असेल : पुढे झटका, मागे येऊन थांबा. नजर कीहोलवर ठेवा. ते रॉडच्या जाडीपेक्षा थोडंच मोठं असावं. वाढायला लागलं तर झटका लांबवा, मिटायला लागलं तर चाल धीमी करा. ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला रूटमध्ये साधारण ७० ते ९० अँपिअर पुरतात, पण डब्यावर छापलेली मर्यादा आधी वाचा. ६०१० डीसीवरच चालतो. शेडमधल्या साध्या एसी ट्रान्सफॉर्मरवर तो चालणार नाही, आणि कित्येक लहान इन्व्हर्टरवरही त्याचा आर्क तुटत राहतो. मशीनच साथ देत नसेल तर हाताला दोष देत बसू नका, डीसी देणारा रेक्टिफायर मिळेल तिथे सरावाला जा.

अर्धी टेस्ट गॅपमध्येच ठरते. रूट फेस (बेव्हलच्या टोकाची सपाट धार) दीड ते दोन मिलिमीटर आणि गॅप तीनच्या आसपास ठेवा, डब्ल्यूपीएसमध्ये (कंपनीच्या लेखी वेल्डिंग पद्धतीत) दुसरं काही लिहिलं नसेल तर. ३.१५ च्या जुन्या रॉडचं फ्लक्स ठोकून काढा, तार वाकवून गॅपमध्ये ठेवा आणि मग टॅक मारा. सगळीकडे गॅप सारखा येतो. एक बाजू मारली की धातू आकसतो आणि समोरचा गॅप आवळतो. म्हणून शेवटी जिथे पोहोचणार तिथे गॅप केसभर जास्त ठेवलेला बरा. बेंड टेस्टच्या (वाकवून बघायच्या) पट्ट्या कुठून कापणार हे आधी विचारा आणि टॅक त्या जागी टाकू नका. सुरुवात बरोबर सहावर करू नका. सहाच्या थोडं पलीकडून सुरू करून सहा ओलांडून वर चढा, म्हणजे दुसऱ्या बाजूचा जोड सगळ्यात अवघड जागी येणार नाही.

आर्क न मारता, होल्डर हातात घेऊन खालपासून वरपर्यंत एकदा नुसते फिरून बघा. कोपर कुठे अडकतं, केबल कुठे ओढते, गुडघा कुठे टेकवायचा हे ठरवा. केबल खांद्यावरून घ्या, तिचं वजन मनगटावर येऊ देऊ नका. सहाच्या जागी शरीर अवघडलं की हात थरथरतो आणि मग कीहोल सांभाळत नाही.

फिलिंगला ७०१८ घेतलात की झटका पूर्ण बंद, आर्क आखूड. पाईप ४५ अंशांत असल्याने धातू खालच्या कडेकडे जातो आणि वरच्या कडेला अंडरकट (खाच) येतो. वरच्या कडेवर थोडं जास्त थांबा. तुमची कॅप चांगली आहे असं तुम्हीच लिहिलंय, त्यामुळे यावर जास्त लिहीत नाही.

एक्सरेची सोय नसेल तर सरावाच्या तुकड्यातून जोडावरची पट्टी कापा, दोन्ही कडांना करवतीचा छेद द्या, व्हाइसमध्ये धरून हातोड्याने तोडा. आतमध्ये स्लॅग (अडकलेला मळ) किंवा न मिळालेली धार डोळ्यांना दिसते. कंपनीत बेंड टेस्ट असेल तर एएसएमई सेक्शन ९ (वेल्डिंगच्या पात्रतेचा अमेरिकी कोड) प्रमाणे वाकवलेल्या पृष्ठभागावर ३ मिलिमीटरपेक्षा मोठा उघडा दोष चालत नाही. आणि सराव पहाटे करा. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारच्या शेडमध्ये हातमोजे घामाने भिजतात. ओल्या मोज्याने रॉड बदलणं धोक्याचं आहे, कोरड्या मोज्यांची दुसरी जोडी जवळ ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात ७०१८ च्या बीडला सुरुवातीलाच बारीक छिद्रं पडतात. ६०१० पण ओव्हनमध्ये ठेवावा का?
– एक वाचक, बुटीबोरी

उत्तर : ६०१० अजिबात ठेवू नका. त्याच्या कोटिंगमध्ये थोडी ओल असावीच लागते. वाळवला की त्याची खोदण्याची ताकद जाते. ७०१८ मात्र कोरडाच हवा. डबा उघडा राहिला असेल तर कंपनीने सांगितलेल्या तापमानावर, साधारण ३०० ते ३५० अंशांवर तासभर भाजून, मग गरम ओव्हनमधून लागतील तेवढेच रॉड बाहेर काढा.

पण छिद्रं फक्त सुरुवातीलाच पडत असतील तर ओल हे एकच कारण नाही. आर्क क्रेटरच्या (आधीच्या बीडच्या टोकाच्या खळग्याच्या) थोडा पुढे मारा, लगेच आखूड करून क्रेटरमध्ये मागे या आणि मग पुढे निघा. सुरुवातीची छिद्रं त्या फेरीत पुन्हा वितळून जातात.

प्रश्न : मुलाने ६जी पास केली. आता कोराडी, खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या शटडाउनला (दुरुस्तीच्या बंदला) कायमचा चालेल ना?
– एक वडील, कामठी

उत्तर : मुलाचं अभिनंदन. एएसएमईप्रमाणे ६जी पास वेल्डरला सगळ्या पोझिशन चालतात. पाईपची जाडी आणि व्यासाच्या मर्यादा मात्र सर्टिफिकेटवर लिहिलेल्या असतात, त्या बघा. ज्या वेल्डिंग प्रोसेसने टेस्ट दिली त्या प्रोसेसचं काम सहा महिन्यांत एकदाही केलं नाही तर पात्रता जाते. म्हणून काम केलं की तारीख, प्रोसेस लिहून सुपरवायझरची सही घ्यायला सांगा. बॉयलरच्या प्रेशर पार्टसाठी आयबीआरची (भारतीय बॉयलर नियमांची) टेस्ट वेगळी द्यावी लागते. तिथे बहुतेक ठिकाणी रूट टिगने (टंगस्टनच्या टोकाचा टॉर्च वापरून, गॅसच्या आवरणात) मारतात, तेव्हा रिकाम्या महिन्यांत त्याला टिगचा टॉर्च हाती घेऊ द्या.