जुन्या बाहुल्यांचं डोकं चिनी मातीचं आणि अंग कापडाचं, असं का?

अख्खी बाहुली चिनी मातीचीच का घडवत नसत आणि त्याआधी बाहुल्या कशाच्या असत, असं तुम्ही विचारलंय. मी जुन्या बाहुल्या दुरुस्त करते, म्हणून हातात आलेल्या मालावरून सांगते.

चिंध्यांची बाहुली फार जुनी. इजिप्तमध्ये सापडलेली रोमन काळातली एक आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे: लिननच्या कापडाची, पोटात चिंध्या आणि पपायरस, म्हणजे तिथला लव्हाळ्याचा कागद, कोंबलेला. श्रीमंताघरी हस्तिदंती बाहुली. हातपाय हलण्याची करामतही जुनीच. ग्रीक लोक भाजलेल्या मातीचे हातपाय दोरी ओवून धडाला जोडत.

कापड स्वस्त, हलकं, पडलं तरी फुटत नाही. अडतं ते चेहऱ्यापाशी. नाक, पापणी, ओठाची कड कापडात उठत नाही. म्हणून डोक्यापुरता वेगळा माल आला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या झोनेबर्गमध्ये कागदाचा लगदा साच्यात दाबून डोकी काढू लागले. १८४०च्या सुमारास झिलई दिलेल्या चिनी मातीची डोकी आली आणि पुढे बिनझिलईची, म्हणजे बिस्क. चकाकी नसल्यामुळे तिचे गाल खऱ्या कातडीसारखे दिसतात. लंडनचे कारागीर मेण वापरत. दिसायला मेणाला तोड नाही, पण उन्हात ठेवलं की संपलं! खांद्यासकट घडवलेल्या डोक्याला कडेला भोकं ठेवत आणि त्यांतून ते भुसा भरलेल्या कापडी किंवा चामडी धडाला शिवत. धड झग्याखाली झाकलेलंच, तिथे भट्टीचा खर्च कोण करणार?

मग भुसा आणि सरस यांचा लगदा आला. तो फुटत नाही, पण दमट हवेत त्याचा रंग पापुद्र्यांनी सुटतो. माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात त्या याच. सेल्युलॉइड हे जुनं प्लास्टिक हलकं, पण दाबलं की पोचा पडतो आणि ठिणगी लागली की भडकतं.

१९५०च्या दशकात व्हायनिल हे प्लास्टिक रुळलं. त्याआधी बहुतेक बाहुल्यांचे केस रंगवायचे किंवा टोप चिकटवायचा. मऊ व्हायनिलमध्ये सुईने केस थेट डोक्यात टोचता येऊ लागले. पण त्यासाठी डोकं मऊच लागतं, आणि उभं राहायला पाय टणक. घरात १९५९नंतरची बार्बीच्या जातीची बाहुली असेल तर आधी गाल दाबून बघा, मग मांडी.