वर्गात राजकीय कादंबरी आणि त्याच महिन्यांत कॉलेजच्या अर्जाचे निबंध: मुलीने कादंबरीवरच निबंध लिहावा का?

तुम्ही विचारलंय ते असं: मुलगी न्यू जर्सीत बारावीत आहे, वर्गात जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ चालू आहे, १ नोव्हेंबरला अर्ली डिसिजनचा (प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं, असं बंधन घालून लवकर करायचा) अर्ज भरायचाय, आणि एकाच अभ्यासात दोन्ही उरकावं म्हणून तिला मुख्य निबंध या कादंबरीवर लिहायचाय.

मुख्य निबंध कादंबरीवर नको. कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक अमेरिकन कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक ऑनलाइन अर्जावर, त्याला किमान २५० आणि कमाल ६५० शब्द मिळतात. सत्य मंत्रालय (सरकारचं प्रचारखातं), बिग ब्रदर (सर्वसत्ताधीश नेता), विन्स्टन स्मिथ (त्या मंत्रालयात काम करणारा नायक) कोण हे सांगण्यातच दोनशे शब्द खर्च होतात. अर्ज वाचणाऱ्याला बहुधा ही गोष्ट ठाऊक असते, त्याला तुमची मुलगी ठाऊक नसते. ‘आजचा मोबाइल म्हणजेच टेलिस्क्रीन (कादंबरीतला घरोघरी पाळत ठेवणारा पडदा)’ या निष्कर्षावर तर निम्मा वर्ग पोहोचलेला असतो. उल्लेख करायचाच असेल, तर साठ-सत्तर शब्दांत आटपावा आणि पुढे तिने स्वतः काय केलं ते यावं.

पण हीच कादंबरी निबंध तपासायला फार उपयोगी पडते. पहिल्या भागाचं चौथं प्रकरण तिला पुन्हा वाचायला सांगा. जुनी वर्तमानपत्रं सरकारच्या सोयीने बदलणं हे विन्स्टनचं काम. अशाच एका अंकातल्या भाषणात आता सरकारला नकोशा झालेल्या माणसाचं कौतुक असतं. त्या जागी विन्स्टन कॉम्रेड ओगिल्व्ही नावाचा माणूस चक्क बनवतो. हा तिसऱ्या वर्षी ढोल, मशीनगन आणि हेलिकॉप्टर सोडून बाकी खेळण्यांना हात लावत नाही, नवव्या वर्षी पथकप्रमुख होतो, अकराव्या वर्षी काकाला पोलिसांच्या हवाली करतो, एकोणिसाव्या वर्षी हातबॉम्ब तयार करतो, तेविसाव्या वर्षी वीरमरण पत्करतो. आयुष्यात एकही चूक नाही, एकही शंका नाही. अर्जांचे फसलेले निबंध असेच असतात: पद, बक्षीस, नेतृत्व, सेवा. या गोष्टींसाठी अर्जात उपक्रमांची वेगळी यादी आहे, दहा जागांची, आणि प्रत्येक वर्णनाला १५० अक्षरं. तिथे ओगिल्व्ही चालतो. निबंधाच्या मसुद्यात मात्र जी वाक्यं ओगिल्व्हीच्या चरित्रातही खपतील, त्यांखाली तिने पेन्सिलने रेघ मारावी. निम्म्याहून जास्त मजकुराखाली रेघा आल्या, तर विषयच बदलावा. नुसते शब्द बदलून तो सुधारत नाही.

याच्या उलट टोकाला विन्स्टनची डायरी आहे. कचेरीत तो यंत्राला मजकूर सांगतो, डायरी मात्र हाताने लिहितो. हाताला सवय नसते, विरामचिन्हं सुटतात, वाक्यं भरकटतात, पण माणूस दिसतो. पहिला मसुदा असाच निघायला हवा. रोज वीस मिनिटं, कागदावर, सलग पाच दिवस. विषय एकच, तिला नीट न जमलेली किंवा अजून न उलगडलेली एखादी गोष्ट. मग त्यातला सगळ्यात जिवंत परिच्छेद निवडून तेवढाच टाइप करावा आणि तिथून ६५० शब्दांपर्यंत वाढवावा. हजार शब्द लिहून कापत बसलं की आधी बारीक तपशील कापले जातात आणि उपदेश तेवढा उरतो.

वर्गाचा निबंध आणि अर्जाचा निबंध एका बैठकीत लिहू देऊ नका. वर्गात आधी दावा, मग अवतरण, मग विश्लेषण, तेही वर्तमानकाळात. अर्जात ‘मी’, भूतकाळ आणि प्रसंग. एकाच संध्याकाळी दोन्ही लिहिले की अर्जात पहिल्याच ओळीला सिद्धान्त येतो, आणि वर्गाच्या निबंधात पुराव्याच्या जागी ‘मला वाटलं’.

वर्गाचा निबंध मात्र जपून ठेवा, गुण आणि शिक्षकांच्या शेऱ्यांसकट. प्रिन्स्टन अर्जासोबत असा तपासलेला निबंध मागतं. ललित लेखन चालत नाही, म्हणून ‘विन्स्टनचं पत्र’ छापाचा गृहपाठ तिथे निरुपयोगी.

आजोबा आणीबाणीबद्दल बोलत असतील, तर ते वर्गाच्या चर्चेसाठी सोनं आहे. २८ जून १९७५ ला इंडियन एक्सप्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती, हे ऐकल्यावर सेन्सॉरशिप पुस्तकापुरती राहत नाही. मात्र अर्जाच्या निबंधात आजोबाच नायक होऊन बसतात. तो विषय घ्यायचाच तर ऐकल्यानंतर तिने काय शोधलं, कुणाशी वाद घातला, यावर लिहावा.

वेळेचं गणित असं. कादंबरीचे तीन भाग, त्यांत ८, १० आणि ६ प्रकरणं. दिवसाला दीड प्रकरण धरलं तर १६ दिवस. दुसऱ्या भागाचं नववं प्रकरण फार लांब आहे, सरकारचा शत्रू ठरवलेल्या गोल्डस्टाइनच्या पुस्तकातले लांब उतारे त्यातच येतात. त्या दिवशी अर्जाचं काम ठेवू नये. मुख्य निबंध १५ ऑक्टोबरला थांबवावा, पुढचे दहा दिवस कॉलेजांच्या पुरवणी प्रश्नांना (प्रत्येक कॉलेज वेगळे विचारतं त्या छोट्या निबंधांना) द्यावेत. कॅलिफोर्निया विद्यापीठांचा अर्ज वेगळा आहे: आठांपैकी चार प्रश्न, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. मुख्य निबंध तिथे चिकटवता येत नाही.

मजकूर ऑनलाइन अर्जाच्या चौकटीत टाकल्यावर अर्जाची पीडीएफ उघडून परिच्छेद जागेवर आहेत का ते पाहावं, आणि २९-३० ऑक्टोबरलाच अर्ज पाठवावा.