कृपा आणि परिश्रम : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आत्मिक वाढीत माझा वाटा किती आणि देवाचा किती?

उत्तर : वाट्याची भाषा आली की एकाचे वाढले म्हणजे दुसऱ्याचे घटले, असे आपण नकळत मानतो. बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्र लिहिताना प्रेषित पौल तसे मानत नाही. दुसऱ्या अध्यायाच्या १२व्या वचनात तो आपले तारण भीत व कापत साधून घ्यायला सांगतो आणि १३व्या वचनात त्याचे कारण देतो की, इच्छा आणि कृती या दोन्ही तुमच्या ठायी घडवून आणणारा देवच आहे. देव कार्य करत आहे, म्हणूनच विश्वासणाऱ्याने झटावे, असा त्याचा युक्तिवाद आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१५:१०) तो स्वतःविषयीही हेच सांगतो : इतर सर्व प्रेषितांपेक्षा आपण अधिक श्रम केले, पण ते करणारे आपण नव्हतो, आपल्याबरोबर असलेली देवाची कृपा होती.

ख्रिस्ती मंडळीला (चर्चला) हे समजून घ्यायला बराच संघर्ष करावा लागला. मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीने देवाच्या आज्ञा पाळू शकतो, ही पेलागियस या धर्मशिक्षकाची शिकवण बिशप ऑगस्टीनने कसोशीने खोडून काढली आणि ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने ती नाकारली. पुढे ५२९ मध्ये ऑरेंजच्या सभेने विश्वासाचा आरंभसुद्धा कृपेचेच दान असल्याचे ठरवले. मात्र त्याच सभेने असेही म्हटले की, बाप्तिस्मा घेतलेल्यांनी ख्रिस्ताच्या साहाय्याने निष्ठेने श्रम केले, तर तारणाला आवश्यक ते सारे त्यांना करता येते व त्यांनी ते करावे. हा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाही, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : धडपड करणे म्हणजे अविश्वास, असे मला शिकवले गेले. सर्व देवावर सोपवून स्वस्थ राहणे योग्य नाही का?

उत्तर : देवावर सोपवणे योग्य आहे, पण त्यानंतर स्वस्थ बसणे योग्य नाही. आत्म्याने पूर्ण निष्क्रिय व्हावे, असे शिकवणाऱ्या मिगेल दे मोलिनोस या स्पॅनिश धर्मगुरूची ६८ विधाने पोप अकरावे इनोसंट यांनी १६८७ मध्ये निषिद्ध ठरवली, आणि त्यामागची भीती निराधार नव्हती : ज्याला मोहाचा प्रतिकारही करायचा नाही, तो पापाच्या हाती सहज सापडतो. रोमकरांस पत्राच्या ८:१३ मध्ये शरीराची कर्मे ‘आत्म्याच्या योगे’ मारायची आहेत, पण मारायची तुम्हीच आहेत.

प्रश्न : अनेक वर्षे नेमाने प्रार्थना व शास्त्रवाचन करूनही माझा राग गेलेला नाही. माझे प्रयत्न कमी पडतात की विश्वास?

उत्तर : आपल्या पत्रातील वेदना मी गांभीर्याने घेतो, आणि या दोनपैकी एक दोष आपल्या माथी मारण्याची घाई करणार नाही. पौलानेही आपल्या शरीरातील काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली. तो काटा तसाच राहिला आणि मिळाले ते कृपा पुरेशी असल्याचे आश्वासन. त्याचा काटा म्हणजे पाप होते असे नाही, त्यामुळे रागाशी तडजोड करण्याला त्यातून आधार मिळत नाही. परंतु देवाकडे मागूनही दीर्घकाळ अशक्तपणात राहावे लागणे म्हणजे देवाने टाकणे नव्हे, एवढे त्यातून निश्चित कळते.

आपण काय करावे, हे मात्र स्पष्ट सांगतो. राग शांत व्हावा एवढीच मोघम प्रार्थना न करता, ज्याला बोललात त्याचे नाव घेऊन देवासमोर अपराध कबूल करा, मग त्या व्यक्तीकडे जाऊन क्षमा मागा, आणि मंडळीतील एखाद्या विश्वासू, प्रौढ व्यक्तीला आपली विचारपूस करत राहण्याची विनंती करा. याकोबाचे पत्र (५:१६) एकमेकांजवळ पापे कबूल करून एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगते. एकट्याने लढण्याचा हट्ट हाही स्वतःवर विसंबण्याचाच एक प्रकार आहे.

प्रश्न : एखाद्या दिवशी प्रार्थना चुकली, तर देव नाराज होतो का?

उत्तर : आपला स्वीकार ख्रिस्तामुळे झाला आहे, नेम पाळल्यामुळे नव्हे. प्रार्थना, वचन आणि प्रभुभोजन ही कृपा मिळण्याची साधने आहेत, तिची किंमत नव्हेत. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुप्पट वेळ बसू नका. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी प्रार्थनेला बसा.