प्रारूप आराखड्यावर पक्का सौदा?

प्रश्न : माझं लेडीज टेलरिंग आहे. तळमजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये चार मशिनी आणि दोन कारागीर. भाडं १६ हजार. महापालिकेच्या प्रारूप विकास आराखड्यात समोरचा ९ मीटरचा रस्ता १८ मीटर दाखवलाय. एजंट म्हणतो, आता हा पट्टा कमर्शियल होणार. मालक ५८ लाख मागतात. गल्लीत आत तसाच फ्लॅट ४६ लाखांना जातो. माझी २० लाखांची एफडी आहे, बाकीचे ३८ लाख कर्ज काढेन. भाडं जाऊन महिन्याला ५५ हजार उरतात. मी नाही घेतला तर दुसरं कुणी घेईल आणि मला उठावं लागेल. काय करू?

ताई, या भावाला घेऊ नका.

५८ आणि ४६ मधला फरक १२ लाखांचा. ही रक्कम तुम्ही भिंतींसाठी देत नाही, नकाशावरच्या एका रेघेसाठी देताय. तुमच्या भाड्याच्या हिशेबाने ते ७५ महिन्यांचं भाडं झालं, म्हणजे सहा वर्षांहून जास्त. आणि ती रेघ अजून पक्की नाही. प्रारूपावर हरकती येतात, सुनावण्या होतात, मग आराखडा शासनाकडे जातो आणि तिथेही बदलतो. मुंबईचा २०३४ चा आराखडा आठवा. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेलं प्रारूप एप्रिलमध्येच नव्याने करायला सांगितलं गेलं, २०१६ मध्ये सुधारित प्रारूप आलं आणि तो लागू झाला सप्टेंबर २०१८ मध्ये. तुमच्याकडे इतका वेळ लागेलच असं नाही, पण हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून सुरू होईल.

एजंटचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. मुंबई वगळता बहुतेक राज्याला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत दाट वस्तीबाहेर १२ मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यालगतच्या निवासी भूखंडांवर दुकानांना बरीच मोकळीक आहे. पण ही मोकळीक भूखंडाला मिळते. तुमचा फ्लॅट मंजूर नकाशात 'निवासी' आहे, तो आपोआप दुकान होत नाही. वापर बदलाची परवानगी काढावी लागते, त्यासाठी पार्किंग दाखवावं लागतं, सोसायटीचं ना-हरकत पत्र लागतं. वरच्या मजल्यांवरचे लोक गिऱ्हाइकांच्या स्कूटरवरून आत्ताच कुरकुरत असतील, तर ते पत्र सहज मिळेल असं धरू नका.

दुसरी गोष्ट एजंट सांगणार नाही. रस्ता ९ चा १८ होतो, तेव्हा वाढीव जागा दोन्ही बाजूंच्या भूखंडांतून जाते. तुमचा फ्लॅट तळमजल्यावर आणि पुढच्या बाजूला आहे. नगररचना विभागातून झोन दाखला (आराखड्यात जागा कशासाठी दाखवली आहे त्याचा दाखला) आणि भाग नकाशा (आराखड्यातला तुमच्या परिसराचा तुकडा) काढून घ्या आणि रुंदीकरणाची रेषा इमारतीपासून किती दूर आहे ते मोजून घ्या. ती पुढच्या खोलीतून जात असेल, तर ज्या रेघेसाठी १२ लाख जास्त द्यायचे तीच तुमची पुढची खोली नेणार. मोबदला टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआयच्या (त्याच भूखंडावर जास्त बांधकामाची मुभा) रूपात आला, तरी तो भूखंडाच्या मालकाला, म्हणजे बहुधा सोसायटीला. रस्ता खणलेला असताना बुडालेल्या गिऱ्हाइकीचे पैसे कुणीच देत नाही.

आता हप्ता पाहू. ३८ लाख, १५ वर्षं, साडेदहा टक्के धरले तर महिना साधारण ४२ हजार. भाडं वाचेल, म्हणजे ७१ हजारांतून हप्ता जाऊन २९ हजार. एफडी संपलेली. वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे तीन-चार लाख, जे तुम्ही धरलेलेच नाहीत. लग्नसराई संपल्यावरचे तुमचे दोन-तीन महिने कसे जातात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्या महिन्यांत हा हप्ता कुठून काढणार?

बँकेत फ्लॅट 'राहायला' म्हणून दाखवायचा सल्ला कुणी दिला असेल, तर तो कानाआड करा. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेरठमधल्या निवासी भूखंडावरची बेकायदा दुकानं पाडण्याचा आदेश कायम ठेवला आणि बँकांनी भोगवटा प्रमाणपत्र (इमारत मंजुरीप्रमाणे बांधली, वापरायला हरकत नाही, असा दाखला) तपासूनच कर्ज द्यावं, असंही बजावलं. शॉप ॲक्टची पावती आणि उद्यम नोंदणी तुमच्याकडे असेल, पण त्यांनी जागेचा वापर कायदेशीर ठरत नाही. याबद्दल नोटीस येण्याचा धोका आजही आहे. फरक इतकाच, की भाडेकरू म्हणून तुम्ही मशिनी उचलून दुसरीकडे जाऊ शकता. मालकीण झालात की ३८ लाखांचं कर्जही तिथेच अडकतं.

उठावं लागण्याची भीती मात्र खरी आहे. मालकांशी पाच वर्षांचा नोंदणीकृत करार मागा, लॉक-इनसह, म्हणजे ठरलेल्या मुदतीत त्यांना तो मोडता येणार नाही. त्यासाठी भाडं हजार-दीड हजार वाढलं तरी चालेल. एफडीच्या व्याजातून आजच्या भाड्याचा मोठा भाग निघतोच. फ्लॅट विकायचा झाल्यास आधी तुम्हाला विचारावं, हेही लिहून घ्या. मालक ४६-४७ लाखांवर आले आणि रेषा इमारतीबाहेरून जात असेल, तर पुन्हा बोलू. मला विचाराल तर विकतच घ्यायचं असल्यास मंजूर नकाशात 'दुकान' असलेला, भोगवटा प्रमाणपत्राचा गाळा शोधा, निम्म्या आकाराचा असला तरी. एफडीतले तीन लाख जागा हलवण्यासाठी वेगळे ठेवा.

आणि हरकत नोंदवा. भाडेकरूलाही ती नोंदवता येते. रुंदीकरणाची रेषा सरकवावी, की रस्त्यालगत दुकानांना मुभा द्यावी, जे म्हणायचं ते लेखी द्या आणि सुनावणीला स्वतः जा. मुदत जाहीर नोटिशीत छापलेली असते; झोन दाखल्याचा अर्ज द्यायला जाल तेव्हा तीही पाहून घ्या.