उद्यमबागेत नोकरी आणि खानापुरात स्वस्त भाडं: रोजचं अप-डाऊन परवडेल का?

तुम्ही लिहिलंय की निपाणी सोडून बेळगावला येताय, तिथल्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपमध्ये नोकरी लागली आहे आणि पाळ्या बदलत्या आहेत. शहरातल्या टिळकवाडीत दोन खोल्यांना महिना ९,००० सांगतात, खानापुरात तेवढ्याच जागेला ४,५००. सोबत पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी. पत्नीला बेळगावातल्याच शहापूर भागात शिलाईकाम मिळेल असं दिसतंय. अशा वेळी खानापुरात राहून रोज अप-डाऊन करावं का, हा प्रश्न.

पाळ्या बदलत्या असतील तर करू नका. मात्र टिळकवाडीत ९,००० भरा, असंही मी सांगणार नाही. मी खानापूर तालुक्यातला. बरीच वर्षं याच रस्त्यानं कामाला ये-जा केली आणि आता मच्छेत राहतो, त्यामुळे हा हिशेब माझा रोजचा आहे.

आधी पैशाचं बघू. खानापूर ते उद्यमबाग साधारण २२ किलोमीटर, म्हणजे येऊन-जाऊन ४४. महिन्याला २६ दिवस धरले तर साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास. गाडी लिटरला ५० देत असेल तर २३ लिटर पेट्रोल, आणि लिटरचा भाव शंभराच्या वर आहेच. झाले २,३०० ते २,४००. टिळकवाडीहूनही थोडं पेट्रोल लागेलच, त्याचे तीनशे वजा करा. उरलेल्या दोन हजारांत ऑइल, चेन, टायर, ब्रेक-लायनर यांचे महिन्याला निदान पाचशे मिळवा, कारण एवढ्या रनिंगला गाडी दर अडीच-तीन महिन्यांनी सर्व्हिसिंगला जाते. म्हणजे कागदावर वाचणाऱ्या ४,५०० पैकी हातात उरतात २,००० रुपये.

आता वेळ. रस्ता आता रुंद झालाय, त्यामुळे खानापूरहून पाऊण तास धरा. टिळकवाडीहून दहा-बारा मिनिटं. जाता-येता मिळून रोज तासभर जास्त, महिन्याला २६ तास. त्या तासाला तुम्हाला ७५-८० रुपये मिळतायत. कायद्यानं ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो. तुमचा तो तासाचा दर काढून या आकड्याशेजारी ठेवा. माझ्या अंदाजानं तुलनेची गरजच उरणार नाही. (पुढे कधी कार घेतलीत तर गणेबैलला टोल आहे. दुचाकीला तो लागत नाही.)

पण खरी अडचण पैशांची नाहीच, पाळीची आहे. जनरल शिफ्टवाल्याला खानापूर जमतं. सकाळी निघाला, संध्याकाळी घरी, रोजची बस ठरलेली, सोबतची माणसंही तीच. सेकंड शिफ्ट सुटते रात्री उशिरा. त्या वेळी खानापूरकडे जाणाऱ्या बसच्या भरवशावर राहता येत नाही आणि वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खाजगी जीपही मिळत नाही. म्हणजे मोटारसायकलच, आणि तीही दिवसभर मशीनपुढे उभं राहून थकलेल्या अंगानं. जून ते सप्टेंबर या भागात पाऊस कसा कोसळतो ते निपाणीत राहून पुरतं कळत नाही. खानापूरच्या बाजूला त्याचा जोर वेगळाच असतो. वाटेवरच्या देसूर गावाच्या पुढे रात्री साडेअकराला समोरच्या ट्रकच्या उजेडानं रस्ता दिसेनासा होतो आणि रेनकोटच्या आतही माणूस भिजलेला असतो. तरणी पोरं हे करतात, मी नाकारत नाही. पण ज्याच्या घरी पाच वर्षांची लेक वाट बघतेय, त्यानं हे दोन हजारांसाठी करू नये, असं मला मनापासून वाटतं.

रेल्वेचा विचार केला असेल तर तोही सोडा. खानापूरहून गाड्या आहेत, पण त्या पाळीच्या वेळा बघून धावत नाहीत. शिवाय बेळगाव स्टेशन शहरात. उद्यमबाग मागे टाकून पुढे जायचं आणि मग पुन्हा उलटं यायचं.

पत्नीचा हिशेब तुमच्या प्रश्नात कुठेच दिसला नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना राज्यातल्या साध्या सरकारी बसला तिकीट लागत नाही. निपाणीचा पत्ता असलेलं आधार कार्ड त्यांना चालेल. त्यामुळे आमच्याकडे बरीच घरं असं बोलतात की बायकोचं येणं-जाणं फुकट आहे, मग घर लांब असलं म्हणून काय झालं. पैसे लागत नाहीत हे खरं. पण खानापूरहून सीबीटी, म्हणजे बेळगावचं मुख्य बसस्थानक, आणि तिथून शहापूर, यात सकाळी तास-सव्वातास जातो, आणि सकाळच्या बसला गर्दी एवढी की बऱ्याचदा उभंच राहावं लागतं. त्याआधी त्यांचा स्वयंपाक, डबे, मुलीची शाळा. परतल्यावर पुन्हा चूल. तुमची सेकंड शिफ्ट असेल तेव्हा संध्याकाळी मुलीपाशी कोण असणार? शिलाईकामाची मजुरी नगावर असेल तर बसमध्ये गेलेला प्रत्येक तास त्यांच्या कमाईतून जातो. घर ठरवण्याआधी त्यांच्यासोबत एकदा सकाळच्या गर्दीत त्या मार्गानं जाऊन या. निर्णय दोघांनी मिळून घ्या.

माझ्या मते तुम्ही घर शोधावं पिरनवाडी, मच्छे किंवा मजगावात. बेळगावात स्वस्त भाड्याची गावं सगळ्या बाजूंना आहेत. काकती, कंग्राळी, हिंडलगा, सांबरा, सगळीकडे खोल्या मिळतील. पण तिथून उद्यमबागेला यायचं म्हणजे रोज अख्खं शहर ओलांडायचं, वाटेत रेल्वेचं फाटक पडलं की घड्याळ बघत उभं राहायचं. पिरनवाडी-मच्छे तुमच्या कामाच्याच बाजूला, खानापूर रोडवर आहेत. कारखाना तीन-चार किलोमीटरवर. सायकलनंही जाता येईल, आणि रात्री पाळी सुटल्यावर सोबतीला त्याच बाजूचे चार कामगार असतात. भाडं टिळकवाडीपेक्षा बरंच कमी, खानापूरपेक्षा थोडं जास्त. शहराकडे बस आणि शेअर रिक्षा मिळत राहतात, त्यामुळे पत्नीलाही शहापूर जवळ पडेल. मराठी शाळाही आहेत.

खोली बघताना दोन गोष्टी नीट विचारा. पहिली, पाणी. शहराला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं, पण या बाजूला अनेक घरं बोअरवर असतात. मालक 'पाणी भरपूर' म्हणेल. शेजारच्या भाडेकरूला विचारा, एप्रिल-मेमध्ये बोअर किती वेळ चालते.

दुसरी, मीटर. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत महिन्याला २०० युनिटपर्यंत वीजबिल माफ होतं, त्यातही मागच्या वापराच्या सरासरीवर मर्यादा ठरते. भाडेकरूलाही ती मिळते, भाडेकरार आणि आधार लागतं. गडबड होते ती एकाच मीटरवर तीन-चार बिऱ्हाडं असली की. सगळ्यांचा वापर मिळून २०० च्या वर गेला तर पूर्ण बिल भरावं लागतं. स्वतंत्र मीटर असलेल्या खोलीला तीनशे रुपये जास्त मोजावे लागले तरी मोजा. भाडेकरारही लेखी करून घ्या, कारण तो नसेल तर योजनेसाठी अर्जच अडतो.

खानापूर मी कुणाला सुचवेन? ज्याचं तिथं स्वतःचं घर आहे, म्हातारे आई-वडील आहेत, थोडीफार शेती आहे आणि ज्याची पाळी कायम दिवसाची आहे, त्याला. भाडं शून्य असेल तर वरचा सगळा हिशेब बदलतो, आणि आई-वडिलांजवळ राहण्याला मी रुपयांत मोजणार नाही. तुमचं तसं काही नाही. तिथंही तुम्ही भाड्यानंच राहणार.

कंपनीत हजर व्हायच्या आधी एवढं विचारून घ्या की पाळी आठवड्यानं बदलते की महिन्यानं, आणि सेकंड शिफ्टला कंपनीची गाडी आहे का. गाडी असेल तर ती कुठपर्यंत सोडते, हेही. मुलीच्या शाळेमुळे मेच्या शेवटापर्यंत सामान हलवलेलं बरं, आपल्याकडे शाळा लवकर सुरू होतात. खोल्या बघायला महिन्याच्या वीस-बावीस तारखेला या. बहुतेक भाडेकरू एक तारखेला खोली सोडतात, त्यामुळे तेव्हा निवड करायला वाव मिळतो.