नागपुरात राहून पुस्तकांच्या चित्रांवर घर चालतं का?

चित्रकलेची पदवी हातात आहे, घर सोडायचं नाही, मग नागपुरात बसून पुस्तकांसाठी चित्रं काढत पोट भरेल का, असं तुम्ही विचारलंय. मी हेच करतो, म्हणून स्पष्ट सांगतो: नुसत्या मराठी पुस्तकांवर नाही भरत. हजारभर प्रतींची आवृत्ती काढणारा प्रकाशक चित्रकाराला देऊन देऊन किती देणार? दिवाळी अंकांचं काम पावसाळ्यात येतं, वर्षातली बरी कमाई तीच. बाकी शाळेची पुस्तकं आणि बाहेरचे बालपुस्तकवाले. नागपूर मात्र कुठंच आड येत नाही. फाईल मेलनं जाते, संपादकाला तुम्ही नागपूरच्या महाल भागात राहता की मुंबईत, याच्याशी काही घेणंदेणं नसतं.

आड येतो तो कागद, म्हणजे न केलेला करार. ‘आपलीच माणसं आहेत, बघून घेऊ’ असं म्हणणाऱ्याकडून तर आधी लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी आणि सहीनिशी करावे लागतात; त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण पैसे देऊन काढून घेतलेल्या पेंटिंगच्या कॉपीराइटचा पहिला मालक, वेगळं ठरलं नसेल तर, काढून घेणाराच असतो. म्हणून पुनर्मुद्रण, अनुवाद, ई-बुक, मूळ चित्रं कुणाकडे राहणार, किती दुरुस्त्या फुकट, हे सगळं स्केच पाठवण्याआधी मेलवर येऊ द्या. आगाऊ रक्कम मागायला लाजू नका. मी अजूनही थोडा लाजतो, ते सोडा.

कामाचं म्हणाल तर छपाई समजून घ्या. सीताबर्डीकडे किंवा कुठंही ओळखीच्या छापखान्यात दोन दुपारी उभे राहा. स्क्रीनवरचा झगझगीत निळा चार रंगांच्या छपाईत मळकट होतो. कडेला ३ मिमी जास्तीचं चित्र सोडावं लागतं, नाहीतर कटिंगमध्ये पांढरी रेघ दिसते. आणि दोन पानांवर पसरलेल्या चित्रात मधोमध कुणाचा चेहरा ठेवू नका. बांधणीत नाक एका पानावर, डोळा दुसऱ्यावर जातो.

जलरंगात काम करत असाल तर मे महिना जड जातो. कूलर लावला की कागद सर्द होऊन फुगतो, बंद केला तर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, पसरायच्या आत वाळतो. मी उन्हाळ्यात पहाटेच रंग लावतो आणि दुपारी टॅबलेटवर बसतो.

नमुने पाठवताना देखणी सुटी चित्रं नकोत. एकच मुलगी घ्या: ती रडतेय, झाडावर चढतेय, पाठमोरी उभी आहे, आजीशी भांडतेय. प्रत्येक चित्रात ती तीच ओळखू आली पाहिजे. बालपुस्तकांचे संपादक हेच आधी बघतात.